मोठा पडदा, लहान कार्ड

फोर-के पडद्यासाठी ग्राफिक्स कार्ड निवडताना आपण बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतो. आधी कार्ड ठरतं. मग उरलेल्या पैशांत पडदा बसवतात, आणि केबल खोक्यात असेल ती. गेल्या काही महिन्यांत चार निवृत्त मित्रांनी मला हा प्रश्न विचारला. चौघांच्याही निरोपात सुरुवातीलाच एका महागड्या कार्डाचं नाव होतं आणि शेवटी एक वाक्य होतं, ‘तसं फारसं काही नाही, नकाशे, जुने फोटो आणि वाचन.’ मंडळी, या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करायला हवी. खडकवासल्याला युद्धाच्या तत्त्वांत पहिलं कोणतं शिकलो होतो? उद्दिष्ट निवडा आणि त्याला चिकटून राहा. तोफा कोणत्या न्यायच्या ते त्यानंतर.

माझं उद्दिष्ट मला तंजावुरात मिळालं, म्हणून हे इथूनच लिहितोय.

सध्याची पोस्टिंग एनसीसीची आहे. कॅडेट, कॅम्प, फायरिंग आणि कागद, कागद, कागद. पण गाव असं मिळालंय की तक्रारीला जागा नाही. राजवाड्याचा परिसर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नायकांनी बांधलेला, आपल्या भोसल्यांनी वाढवलेला. दरबार हॉल, कूडगोपुरम, कांस्यमूर्तींचं दालन, आणि याच आवारात सरस्वती महाल ग्रंथालय. महाराष्ट्रातून पाहुणे आले की मी त्यांना आधी बृहदीश्वराच्या देवळात नेतो, १८०३ साली दगडात कोरलेला भोसले वंशाचा मराठी लेख दाखवतो आणि मग राजवाड्यात आणतो. पाहुणे भारावून जातात. लेखासमोर मोबाइल काढतात, फोटो घेतात. लेख वाचत मात्र कुणी नाही. देवनागरीत आहे, मराठीत आहे, तरी नाही. मग मोडीचं काय होत असेल याचा अंदाज करा.

सरस्वती महालात मोडी कागदांचे शेकडो गठ्ठे आहेत. १६७०च्या दशकात व्यंकोजीराजे इथं आले, १८५५ साली शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक गेले आणि राज्य संपलं. मधल्या जवळपास १८० वर्षांचा दरबारी कारभार बराचसा मोडीत चालला. ग्रंथालयातलं काम अभ्यासकांचं आहे, त्यात मी पडत नाही. पण राजवाड्याभोवतीच्या रस्त्यांवर जी जुनी मराठी घरं आहेत, त्यांच्या ट्रंकांतही थोडे थोडे कागद आहेत. पावत्या, हिशेब, पत्रं, लग्नाच्या याद्या. ही मंडळी ३०० वर्षांहून अधिक काळ तमिळ मुलखात राहून घरात अजून मराठी बोलतात, आणि ती मराठी ऐकली की आपल्याला पहिल्या दिवशी अर्धीच कळते. मोडी वाचणारे मात्र घरटी सोडाच, गल्लीत एकही नाही. ज्यांना येते ते बहुतेक ऐंशीच्या पुढे आहेत.

अशाच एका घरातले काका. इथं सगळे त्यांना ‘राव सार’ म्हणतात, मी काका म्हणतो आणि ते मला कर्नल सार म्हणतात. वय ८१. शाळेत गणित शिकवायचे. मोडी आजोबांकडून शिकले, कुठल्या वर्गात नाही. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झालेत, पण एका डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. घरची एक पेटी आहे, त्यात साठेक कागद. ते वाचायला काका भिंग वापरायचे. एका बैठकीत अर्धा कागद, मग डोकं दुखायचं आणि पेटी बंद.

भिंगानं मोडी का वाचता येत नाही हे समजून घेतलं, की कार्डाचा निम्मा प्रश्न सुटतो. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जातो, हात शक्यतो न उचलता. शब्दांच्या मध्ये जागा नाही. ह्रस्व-दीर्घाचा भेद जवळजवळ नाही. दोन-चार अक्षरं एकमेकांसारखी दिसतात आणि लिहिणाऱ्याला घाई असली तर आणखी सारखी दिसतात. त्यामुळे मोडी वाचणारा अक्षर वाचत नाही, ओळ वाचतो. पुढचं-मागचं बघून मधलं ठरवतो. भिंगाखाली एका वेळी तीन अक्षरं येतात. ती मोठी दिसतात, स्वच्छ दिसतात, आणि कशाचाही अर्थ लागत नाही.

नकाशा वाचलेल्या माणसाला हे लगेच कळेल. १:५०,०००च्या शीटवर भिंग ठेवलं की उंचीचा आकडा छान दिसतो, पण डोंगराची धार हरवते. मॅप रीडिंगच्या पहिल्या धड्यात उस्ताद ओरडायचे, ‘साब, पहले ज़मीन देखो!’ आकडा मागाहून.

म्हणजे काकांना हवं होतं ते असं: कागद मोठा दिसावा, पण पूर्ण दिसावा. या दोन गोष्टी एकत्र हव्या असतील तर पिक्सेल लागतात. दुसरा उपाय नाही.

थोडं गणित करू. काकांनी ते माझ्या आधी केलं होतं. एफोर कागद ३०० डीपीआयला स्कॅन केला तर २,४८० बाय ३,५०८ पिक्सेल होतात, म्हणजे सुमारे ८७ लाख. फोर-के पडद्यावर ३,८४० बाय २,१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख. जवळजवळ बरोबरी. साध्या फुल एचडी पडद्यावर २१ लाखांहून थोडे कमी, म्हणजे फोर-केच्या बरोबर चौथा हिस्सा. बोरूची बारीक रेघ ०.३ मिलिमीटर धरली, तर फुल एचडी पडद्यावर पूर्ण पान दाखवल्यावर त्या रेघेच्या वाट्याला एकच पिक्सेल येतो. शाई फिकी असेल तर तोही जातो. ३२ इंची फोर-के पडदा उभा केला, म्हणजे ९० अंशांत फिरवला, तर पूर्ण पान दिसतं, त्या रेघेला तीन पिक्सेल मिळतात, आणि पान मूळ आकाराच्या जवळपास १.९ पट मोठं दिसतं. भिंगाइतकंच मोठं, पण सगळी ओळ डोळ्यांसमोर.

हे कळल्यावर मी ३२ इंची पडदा घेतला. २७ इंची फोर-के पडद्यात पिक्सेल तेवढेच, पण इंचाला १६३ बसतात. तरुण डोळ्यांना ते सुंदर दिसतं, काकांच्या डोळ्यांना नाही. ३२ इंचीवर १३८. ४३ इंचीवर १०२ येतात, तेही वाईट नाही, पण एवढा पडदा हाताच्या अंतरावर उभा केला तर मान वर-खाली करावी लागते. पॅनेल आयपीएस घ्या. पडदा उभा केल्यावर काही व्हीए पॅनेलच्या एका कडेला रंग फिका पडतो आणि तिथली ओळ पुन्हा वाचावी लागते. आणि स्टँड फिरतो का ते दुकानातच बघून घ्या. ३२ इंचीचे कित्येक स्टँड फिरत नाहीत. मग मागे १०० बाय १०० मिलिमीटरची भोकं असतील तर वेगळा हात बसवता येतो.

आता कार्ड.

ग्राफिक्स कार्ड दोन कामं करतं आणि विकताना त्यातल्या एकाबद्दलच बोललं जातं. जुन्या दरबाराच्या भाषेत सांगायचं तर कार्डाच्या आत एक कारकून असतो आणि एक जासूद. कारकून चित्र काढतो, जासूद ते पडद्यापर्यंत पोचवतो. खेळात प्रत्येक क्षणी नवं चित्र लागतं. सैनिक हलला, सावली हलली, धूर हलला. कारकुनाला सेकंदाला ६० वेळा ८३ लाख ठिपक्यांचा रंग नव्याने ठरवावा लागतो, म्हणजे सेकंदाला सुमारे ५० कोटी ठिपके. म्हणून खेळणाऱ्याला दांडगा कारकून लागतो, आणि तो दांडगा कारकून वीज खातो, उष्णता फेकतो आणि महिन्याचा पगार मागतो. भाच्याला फोर-केवर खेळायचं असेल तर त्याला तेच कार्ड लागणार, त्याची चेष्टा करू नका.

मोडीचं पान मात्र हलत नाही. कारकुनानं एकदा काढलं की काम संपलं, तो पेंगतो. जासुदाला मात्र सुट्टी नाही. पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो, पान तेच असलं तरी. तेच पत्र सेकंदाला ६० वेळा पोचवायचं. फोर-केला, ६० हर्ट्झला, नेहमीच्या २४ बिट रंगात ही टपाल सेकंदाला सुमारे १२ अब्ज बिट होते. वाचनासाठी कार्ड निवडायचं म्हणजे जासूद तपासायचा.

जासूद दोन गोष्टींवरून ओळखू येतो, मागचं तोंड कोणतं आणि त्याची आवृत्ती कोणती. एचडीएमआय १.४ मधून प्रत्यक्ष चित्रासाठी सेकंदाला सुमारे ८ अब्ज बिट जातात. तिथं फोर-के बसतो, पण ३० हर्ट्झला. एचडीएमआय २.० मधून १४ अब्जांहून थोडे जास्त, म्हणजे ६० हर्ट्झ निवांत. डिस्प्लेपोर्ट १.२ मधून १७ अब्ज, १.४ मधून जवळपास २६ अब्ज. या चार आकड्यांच्या पुढचं सगळं वाचणाऱ्यासाठी शोभेचं आहे.

३० आणि ६० हर्ट्झमधला फरक कागदावर लहान वाटतो. स्थिर पानावर तो दिसतही नाही. पण पान सरकवायला गेलात की ३० हर्ट्झवर अक्षरं अडखळत सरकतात, माऊसचा बाण हाताच्या मागे राहतो. तासभरात चांगल्या डोळ्यांनाही शीण येतो. काकांच्या वयाला तर गरगरतं. म्हणून एनव्हिडियाचं जीटी ७१० सारखं स्वस्त कार्ड ‘फोर-के चालतं’ या शब्दावर घेऊ नका. चालतं खरं, पण त्याचं एचडीएमआय १.४ आहे, म्हणजे ३० हर्ट्झच्या वर नाही. दुकानातला मुलगा खोटं बोलत नसतो, तुम्ही अपुरा प्रश्न विचारलेला असतो. प्रश्न असा विचारा: ‘या तोंडातून फोर-के ६० हर्ट्झला, पूर्ण रंगात निघतो का?’

‘पूर्ण रंगात’ हे का जोडलं, तर काही जुनी कार्डं एक पळवाट काढतात. उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची पाठवतात आणि रंगाची चार ठिपक्यांना मिळून एक. सिनेमाला हे खपतं. पण तांबडी अक्षरं, रंगीत कागदावरची बारीक शाई, पडद्यावरचा रंगीत मजकूर यांच्या कडा विस्कटतात. ४३ इंची टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणाऱ्या माझ्या मित्रांना हा रोग टीव्हीकडूनही लागतो. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय तोंडाला ‘पीसी’ नाव दिलं की बऱ्याच टीव्हींवर तो जातो. करून बघा, फुकट आहे.

आणि आता या लेखातला सगळ्यांत स्वस्त सल्ला. कदाचित तुम्हाला कार्ड लागतच नाही. कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आठव्या ते दहाव्या पिढीचा नेहमीचा डेस्कटॉप प्रोसेसर असेल, तर त्याच्या आतल्या ग्राफिक्सला फोर-के ६० हर्ट्झ जमतं, पण डिस्प्लेपोर्टमधून. त्याचं स्वतःचं एचडीएमआय १.४ आहे. लोक मागे एचडीएमआय दिसतं म्हणून त्यात केबल खुपसतात, ३० हर्ट्झ मिळाले की वैतागतात आणि नवं कार्ड आणतात. शेजारीच डिस्प्लेपोर्ट रिकामं बसलेलं असतं. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ अक्षर असेल तर मात्र आत ग्राफिक्स नाही, कार्ड घ्यावंच लागेल. लॅपटॉपवाल्यांनी टाइप-सी तोंडाशेजारी डिस्प्लेपोर्टची खूण किंवा विजेची खूण आहे का ते पाहावं.

मेमरीबद्दल लोक फार काळजी करतात. पडद्यावरचं एक फोर-के चित्र मेमरीत सुमारे ३३ एमबी घेतं. एफोर पान ६०० डीपीआयला स्कॅन केलेलं असेल तर उघडल्यावर सुमारे १४० एमबी. असली चार पानं आणि वर ब्राउझर उघडा ठेवलात तरी २ जीबीमध्ये भागतं, ४ जीबी असली तर विचारच नको. १२ किंवा १६ जीबी हवी ती खेळाला, चित्रफितींच्या संकलनाला, किंवा कुणी तरुण संशोधक मोडी अक्षरं मशीनला वाचायला शिकवणार असेल तर त्याला. मोडीला युनिकोडमध्ये २०१४ साली जागा मिळाली, त्यामुळे मशीननं वाचलेलं मोडी मोडीतच साठवताही येईल. तो तरुण भेटला तर मी स्वतः त्याच्यासाठी मोठ्या कार्डाची वर्गणी गोळा करीन. पण मशीनला शिकवायला आधी कुणीतरी हजारो ओळी बरोबर वाचून द्याव्या लागतात, आणि ते वाचणारे पुन्हा काकाच.

विजेचा मुद्दा तंजावुरात विसरता येत नाही. एप्रिल-मेमध्ये इथं दुपारी खोली भट्टी होते आणि वीज मनाला येईल तेव्हा जाते. घरगुती ६०० व्हीएच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉट चालतात. एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॉटपर्यंत ओढू शकतं. वीज गेली की तुमचा यूपीएस आधी शहीद. याउलट टी४०० कार्ड ३० वॉटचं, आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचं, आरटीएक्स ३०५०ची ६ जीबी आवृत्ती ७० वॉटची, इंटेल आर्क ए३१० हे ७५ वॉटचं. ही सगळी फोर-के ६० हर्ट्झला पुरून उरतात आणि साधारणपणे जादा वीज-केबल मागत नाहीत, मदरबोर्डच्या खोबणीतून मिळते तेवढ्यावर जगतात. टी४००ची तोंडं मिनी डिस्प्लेपोर्टची असतात, तेव्हा जोडणी बरोबर मागून घ्या. जीटी १०३० हेही ३० वॉटचं आणि एचडीएमआय २.० देणारं, मिळालं तर चालेल, पण ते २०१७चं आहे, त्याच्या ड्रायव्हरचे दिवस भरत आले. किमती मी लिहीत नाही, हा लेख तुम्ही वाचेपर्यंत त्या बदललेल्या असतील. प्रमाण सांगतो: पडद्याला तीन रुपये द्याल तर कार्डाला एक. वाचणाऱ्या माणसाच्या घरी याच्या उलट प्रमाण दिसलं की मला नाकापेक्षा मोती जड आठवतं.

केबलवर शेवटी तंटा होतोच. दोन मीटरच्या आत ठेवा. एचडीएमआय असेल तर पाकिटावर ‘प्रीमियम हायस्पीड’ छापलेली घ्या. सोन्याचा मुलामा वगैरेला भुलू नका. आणि विंडोजमध्ये ६० हर्ट्झ निवडलंय का ते एकदा डोळ्यांनी पाहा. जोडलं म्हणजे मिळालं असं नसतं, हे सिग्नलच्या कुठल्याही जवानाला विचारा. मजकूर बारीक वाटला तर तिथंच १५० टक्के करा. त्यानं मेनू आणि अक्षरं मोठी होतात, स्कॅनचे पिक्सेल कमी होत नाहीत. पडदा उभा करणं हीही तिथलीच एक नोंद आहे, त्याचा कार्डावर भार पडत नाही.

मोठ्या पडद्याचा सोस आजचा नाही. आयबीएमनं २००१ साली २२ इंची पडदा काढला होता, ३,८४० बाय २,४०० पिक्सेलचा. फोर-के शब्द घरोघर पोचायच्या कितीतरी आधी. त्याची अडचण ऐका: पडदा होता, पण एका केबलमधून एवढं चित्र जाईना. चार डीव्हीआय केबल जोडायच्या, प्रत्येकीनं पडद्याचा एक भाग सांभाळायचा, आणि तरी ४१ हर्ट्झच्या वर जाता येत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वीही अडलं ते जासुदापाशीच.

आता मी ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. गेल्या काही वर्षांत कागद स्कॅन करण्यावर आपल्याकडे बराच पैसा आणि उत्साह खर्च होतोय. चांगलंच आहे, कागद ओला होतो, वाळवी लागते, आग लागते. पण स्कॅन हे अर्धं काम आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागद कोट्यवधींनी मोजतात. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून पुण्यात उभं आहे, धुळ्याला राजवाड्यांच्या नावानं मंडळ आहे, इथं सरस्वती महाल आहे, आणि गावोगावच्या ट्रंका वेगळ्या. स्कॅन करायला महिनाभर शिकलेला मुलगा पुरतो. वाचायला ४० वर्षं वाचलेला माणूस लागतो. मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून गेली. आज जे सराईत वाचतात त्यांतले बरेच जण ज्या वयात आहेत त्या वयात बुद्धी शाबूत असते, स्मरण शाबूत असतं, पहिला राजीनामा डोळे देतात. म्हणजे आपण स्कॅनरवर पैसे घालतो आणि ज्याच्यासाठी स्कॅन केलं त्याला १९ इंची जुन्या पडद्यापुढे बसवतो. रसद पोचली, पण खंदकातल्या जवानाला डबा उघडायला काही दिलं नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की जिथं कुठं मोडीचं स्कॅनिंग होतं, तिथं एक वाचनाचं टेबल हवं: फिरणारा ३२ इंची फोर-के पडदा, तीस-पन्नास वॉटचं कार्ड किंवा तेही नको, बरी केबल, छोटा यूपीएस, पाठीला टेकू देणारी खुर्ची. हे मोठ्या अनुदानाचं काम नाही. माजी सैनिकांच्या कुठल्याही जिल्हा मेळाव्यात जेवणावर जेवढा खर्च होतो त्यात अशी एक-दोन टेबलं बसतील. आणि आपल्यातल्या ज्या मंडळींना निवृत्तीनंतर ‘वेळ कसा घालवायचा’ हा प्रश्न पडलाय, त्यांनी काकांसारख्या कुणाच्या शेजारी बसून टंकलेखन करावं. ते वाचतील, आपण लिहून घ्यायचं. सैन्यानं आपल्याला हुकूम जसाच्या तसा उतरवून घ्यायला शिकवलंय, ते इथं कामाला येतं.

लोक मला म्हणतात, तुमच्या काकांच्या पेटीत असं काय मोठं निघणार? लढाईचा कागद थोडाच आहे. नाहीच. आतापर्यंत निघालंय ते असं: एका छत्रातल्या कोठाराचा तांदळाचा हिशेब, कुणाच्या तरी मुंजीची आमंत्रणयादी, आणि एक अर्ज, ज्यात अर्जदार आपल्या म्हाताऱ्या आईला डोळ्यांचं औषध मिळावं म्हणून विनवतो. अर्जावर साल नाही. पण या गावाला डोळ्यांच्या औषधाची परंपरा आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ ते १८३२ गादीवर होते. त्यांना वैद्यकाचा नाद होता, राजवाड्याशी जोडलेला धन्वंतरी महाल होता, आणि त्या काळात डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी केल्या गेल्या, आजारी डोळ्यांच्या रंगीत चित्रांसकट. त्या नोंदी सरस्वती महालात आहेत आणि आजच्या नेत्रवैद्यांनीही त्यांचा अभ्यास केलाय. ज्या राजानं देवनागरी छापखाना आणून १८०६ साली मराठी मुलांसाठी इसापच्या गोष्टी छापवल्या, त्याच्या दरबारातला हा कारभार. अर्जातल्या आईला औषध मिळालं की नाही ते पुढच्या कागदांत असेल किंवा नसेल.

अर्ज वाचताना एका शब्दापाशी काका अडले. ‘पडळ’ की ‘पटल’? भिंगाखाली दोन्ही वाटायचं, शाई उडाली होती. पडद्यावर ती जागा मोठी केली, शेजारच्या दोन ओळींत तेच अक्षर आणखी तीनदा आलं होतं, तिन्ही ठिकाणी त्याची शेपटी डावीकडे वळलेली. काकांनी एका नजरेत चारही अक्षरं पाहिली आणि म्हणाले, ‘पडळ. लिहा, कर्नल सार.’ हे करायला कार्डाला काहीही कष्ट पडले नाहीत. त्याचा पंखासुद्धा फिरत नव्हता.

आमच्या टेबलावर सध्या डेस्कटॉपच्या आतलंच ग्राफिक्स चालू आहे, डिस्प्लेपोर्टमधून. कार्डासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून पडद्याचा हात आणि खुर्ची आली. साठ कागदांपैकी १९ झालेत. बैठक सकाळी ९ ते ११, ऊन चढायच्या आत, मधे एकदा फिल्टर कॉफी. माझी बदली पुढच्या उन्हाळ्यात होईल असं दिसतंय. एनसीसीतल्या दोन मुलींनी लिहून घ्यायला यायचं कबूल केलंय. दोघींची मराठी तमिळ वळणाची आहे आणि काकांची तर आहेच, त्यामुळे त्यांचं माझ्यापेक्षा बरं जमतं.